बिग सायप्रेस आणि एव्हरग्लेड्स: पाहुण्यांना घेऊन जायच्या आधी सगळे विचारतात ते प्रश्न

साउथ फ्लोरिडात राहतो म्हटल्यावर डिसेंबर ते मार्च घरात पाहुणे असतातच. आईबाबा, सासूसासरे, मावशी, न्यू जर्सीची नणंद, तिची मुलं. सगळ्यांना बीच दोन दिवसांत पुरतो आणि मग "आता काय दाखवतेस" सुरू होतं, तेव्हा मी त्यांना दलदलीत नेते. गेल्या काही वर्षांत इतक्यांदा नेलंय आणि इतक्या जणांना फोनवर तेच तेच सांगितलंय की शेवटी एकदाचं लिहून काढलं. मी कोणी एक्स्पर्ट नाही, पक्ष्यांचं वेड मात्र आहे.

हे नेमकं आहे कुठे? एव्हरग्लेड्स आणि बिग सायप्रेस एकच का?

शेजारी शेजारी आहेत पण एक नाहीत. मायामीहून पश्चिमेला नेपल्सकडे जाणारा जुना रस्ता आहे, यूएस ४१, त्यालाच टॅमियामी ट्रेल म्हणतात, टॅम्पा आणि मायामी ही नावं जोडून केलेलं नाव. हा रस्ता दोन्हीच्या मधून जातो. एव्हरग्लेड्स म्हणजे मैलोन्‌मैल गवत आणि त्यातून मुंगीच्या पावलांनी सरकणारं पाणी, आणि बिग सायप्रेस म्हणजे त्याच्या वायव्येला लागून असलेलं पाण्यात उभं जंगल, जे बरंचसं स्वतःवर पडणाऱ्या पावसावर जगतं. मायामीहून बिग सायप्रेसच्या ओएसिस व्हिजिटर सेंटरपर्यंत साधारण तासभर लागतो.

रस्त्याचीच एक गंमत सांगते. १९२८ साली हा पूर्ण झाला. दलदलीत रस्ता करायचा म्हणजे भराव हवा, तो त्यांनी शेजारीच खणून काढला, त्या खणलेल्या चरात पाणी साठलं, तोच आजचा कॅनॉल. उन्हाळ्यात काय हिवाळ्यात काय, त्यात पाणी असतंच, म्हणून मगरी आणि पक्षी रस्त्याला लागूनच दिसतात. रस्त्याने दलदलीच्या वाहत्या पाण्याला बांध घातला हे मोठं नुकसानच झालं, पण आपल्याला गाडीतून एवढं दिसतं तेही त्याच्यामुळेच.

बिग सायप्रेस हे नॅशनल प्रिझर्व्ह आहे म्हणजे काय, एव्हरग्लेड्ससारखं नॅशनल पार्क का नाही?

नॅशनल पार्कात नियम जास्त कडक असतात. बिग सायप्रेसमध्ये परवानगी घेऊन शिकार चालते, दलदलीत चालणाऱ्या उंच चाकांच्या गाड्या चालतात, थोडं तेलही काढतात, आणि मिकोसुकी आणि सेमिनोल या इथल्या आदिवासींचे तिथले पूर्वापार हक्क कायम आहेत. १९७४ साली हे झालं, टेक्ससमधलं बिग थिकेट आणि हे, देशातले पहिले दोन नॅशनल प्रिझर्व्ह. एकूण ७ लाख २९ हजार एकर.

आणि हे झालं एका विमानतळामुळे! १९६८ मध्ये या दलदलीत जगातला सगळ्यात मोठा विमानतळ बांधायला घेतला होता, सुपरसॉनिक विमानांसाठी. एक रनवे झालासुद्धा. मग लोक पेटले, शिकारी, पक्षीवाले, आदिवासी सगळे एका बाजूला आले, आणि काम थांबलं. रनवे अजून आहे तिथे.

कधी यावं?

डिसेंबर ते एप्रिल, विषय संपला. अक्षांश साधारण आपल्या जयपूर-पाटण्याचा आहे पण तीन बाजूंनी समुद्र, त्यामुळे इथेही आपल्यासारखे दोनच खरे ऋतू, पावसाळा आणि कोरडा. पावसाळा मे महिन्याच्या मध्यावर सुरू होतो तो ऑक्टोबरपर्यंत. तेव्हा सगळीकडे पाणीच पाणी, मासे पांगलेले, पक्षी पांगलेले, आणि डास मात्र एकवटलेले.

कोरड्या दिवसांत उलट होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गावचं तळं आटत आलं की उरलेल्या डबक्याभोवती बगळ्यांची जत्रा भरते ना, तसंच. इथे ती डबकी बऱ्याचदा मगरींनी केलेली असतात. मगर शेपटीने, तोंडाने, पायांनी गाळ उकरून खोलगट डोह करते, त्यात पाणी टिकतं, पाण्यात मासे कोंडले जातात आणि माशांमागे सगळे येतात. मगरीच्या डोहावर अख्खं गाव जगतं म्हणा ना. त्यात मधूनमधून मगर एखाद्या गावकऱ्याला खाते, तो भाग वेगळा.

आईबाबांचे गुडघे दुखतात, किती चालावं लागेल?

नगण्य. ताडोबा-बिडोबाला पहाटे चारला उठून जिप्सीत हाडं खिळखिळी करून घेऊनही वाघाची शेपूट दिसेल याची गॅरंटी नसते, इथे बाथरूमला जायला गाडी थांबवली तरी चार मगरी दिसतात. मी अतिशयोक्ती करत नाहीये. ओएसिस व्हिजिटर सेंटरसमोर कॅनॉलच्या कडेने लाकडी बोर्डवॉक आहे, पार्किंगपासून शंभर पावलंही नाहीत, आणि हिवाळ्यात खाली काठावर मगरी अशा पसरलेल्या असतात की जसे दुपारी लग्नाच्या हॉलमध्ये जेवून आडवे झालेले वऱ्हाडी. माझे सासरे दोन वर्षांपूर्वी काठी टेकत गेले, कठड्याला रेलले आणि पाऊण तास हलले नाहीत, शेवटी त्यांना ओढून आणावं लागलं.

दुसरी जागा कर्बी स्टॉर्टर. जाऊन येऊन एक मैल, पूर्ण बोर्डवॉक. सुरुवातीला मोकळं गवत, मग झाडं हळूहळू उंच होत जातात आणि शेवटी सायप्रेसच्या गार अंधारात एका डोहापाशी बोर्डवॉक संपतो. तिथे बाक आहे का, बसायला जागा आहे का असलं काही न बघता नुसतं गप्प उभं राहायचं. पहिली पाच मिनिटं काहीच नसतं, मग काळं लाकूड म्हणून जे वाटत होतं ते डोळे मिचकावतं.

एच. पी. विल्यम्स हा टर्नर नदीकाठचा छोटा थांबा, पिकनिकची टेबलं आहेत, खाली पाणी स्वच्छ असेल तर गार (gar) नावाचे मोठमोठे मासे आणि कासवं दिसतात. तिथूनच टर्नर रिव्हर रोड हा कच्चा रस्ता आत जातो, गाडीतून उतरायचंच नसेल त्यांच्यासाठी बेस्ट. १७ मैलांचा फेरा आहे, काचा खाली करून बैलगाडीच्या स्पीडने जायचं. साधी कार चालते, पण भरपूर पाऊस झालेला असेल तर आधी विचारून घ्या.

एव्हरग्लेड्सच्या बाजूला शार्क व्हॅली. तिथे शार्क नाहीत आणि व्हॅली पण नाही, शार्क नावाच्या नदीवरून नाव पडलंय. १५ मैलांचा डांबरी गोल रस्ता, खासगी गाड्यांना बंदी, दोन तासांची ट्राम असते, बरोबर गाइड बोलत असतो, मध्ये टॉवरवर थांबवतात. सायकलीही भाड्याने मिळतात पण मध्ये कुठे शॉर्टकट नाही, पंधरा म्हणजे पंधरा, हे आमच्या भाच्याला सातव्या मैलावर कळलं.

आणि तो प्रसिद्ध अनहिंगा ट्रेल?

तोही एव्हरग्लेड्समध्येच, पण होमस्टेड गावाच्या बाजूने, एकदम वेगळ्या रस्त्याने आहे. जेमतेम पाऊण मैलाचा, सपाट. पक्षी एवढे जवळ की झूम लेन्सवाले मागे सरकत असतात. पण टॅमियामी ट्रेल आणि हा एकाच दिवशी करायला जाऊ नका, सगळा दिवस गाडीत जातो आणि मागच्या सीटवर भांडणं होतात.

मगर अंगावर येत नाही का? कुंपण तर काहीच नाही!

आईचा पहिला प्रश्न. सांगली-चिपळूणकडच्या लोकांना नदीतली मगर माहीत असते त्यामुळे त्यांना तर जास्तच धाकधूक. आधी हे समजून घ्या की ही आपली मगर नव्हे. आपली ती क्रोकोडाइल, ही अ‍ॅलिगेटर. हिचं तोंड पुढून रुंद आणि गोलसर, रंग काळपट, आणि तोंड मिटलं की खालचे दात दिसत नाहीत. स्वभावाने ही बरीच सुस्त. दक्षिण फ्लोरिडात खरी क्रोकोडाइलही आहे, दोन्ही रानात एकत्र राहतात अशी जगात ही एकच जागा, पण ती खाऱ्या पाण्याकडे, फ्लमिंगो नावाच्या टोकाला जास्त दिसते.

हिवाळ्यात मगरी उन्हात येतात कारण अंग तापवायला तेवढाच मार्ग. तोंड उघडं ठेवून पडलेली असेल तर चिडलेली नाही, तो तिचा एसी आहे. नियम सोपे: १५ फूट लांब राहायचं, काही खायला टाकायचं नाही (कायद्याने गुन्हा आहे, आणि एकदा माणूस म्हणजे खाऊ हे तिच्या डोक्यात बसलं की शेवटी तिलाच मारून टाकतात), लहान पोरांचा हात धरायचा, आणि पाण्याच्या काठाशी वाकून फोटो काढायचे नाहीत. पिवळे पट्टे असलेली वीतभर पिल्लं दिसली, चिकचिक आवाज करत असली, तर आई जवळच आहे असं समजा, ती तुम्हाला दिसत नसली तरी तिला तुम्ही दिसताय. तिथे मी स्वतः थांबत नाही.

पक्षी सगळे पांढरेच दिसतात, ओळखायचे कसे?

हा माझा आवडता प्रश्न, जरा लांबेल. चांगली गोष्ट ही की भिगवण-नांदूर मधमेश्वर फिरलेल्या माणसाला इथे अर्धे पक्षी नात्यातले निघतात.

पांढऱ्यांपासून सुरू करू. सगळ्यात उंच, पिवळी चोच, काळे पाय, तो मोठा बगळा. त्याहून लहान, काळी चोच, काळे पाय आणि पावलं मात्र हळद लावल्यासारखी पिवळी, तो स्नोई इग्रेट, आपल्या लहान बगळ्याचा चुलतभाऊ. गाईगुरांमागे, गवत कापायच्या मशीनमागे पळणारा बुटका तो गायबगळा, आणि हा अमेरिकेचा नाहीच मुळी, आफ्रिकेतून उडत अटलांटिक ओलांडून आधी दक्षिण अमेरिकेत आला आणि विसाव्या शतकात फ्लोरिडात पोचला, व्हिसा-बिसा काही नाही. चोच खाली वाकलेली, लालसर, तो पांढरा शराटी. आणि मग येतो डोक्याला ताप: लिटल ब्लू हेरन. मोठेपणी निळा, पण पहिल्या वर्षी पूर्ण पांढरा. पाय हिरवट असतील तर तोच. मी पहिली दोन वर्षं त्याला बेधडक स्नोई म्हणत होते आणि लोकांना शिकवतही होते.

वूड स्टॉर्क दिसला तर नक्की ओळखाल, टक्कल पडलेलं काळं खडबडीत डोकं आणि गोरापान अंगरखा. आपल्या चित्रबलाकाच्याच वंशातला, पण त्याच्या वाट्याला रंग आले नाहीत. तो डोळ्यांनी शिकार शोधत नाही, उघडी चोच पाण्यात बुडवून पाय हलवत राहतो आणि मासा लागला की चोच मिटते. म्हणून त्याला आटत चाललेलं, माशांनी खच्चून भरलेलं डबकंच लागतं. पाणी वेळेवर आटलं नाही तर पिल्लं जगत नाहीत. चकाकता तपकिरी मोर शराटी मात्र अगदी आपलाच, तोच पक्षी, आणि रातबगळाही.

आता अनहिंगा. आपल्याकडे तिरंदाज म्हणतो ना, पाण्यावर फक्त सापासारखी मान काढून पोहणारा, त्याचा अमेरिकन भाऊ. पाणकावळ्याशी गल्लत होते. चोच बघायची, पाणकावळ्याची टोकाला हुकासारखी वाकलेली, याची सरळ दाभण. एकदा शार्क व्हॅलीच्या रस्त्याकडेला माझ्यापासून सहा-सात फुटांवर एक मादी पाण्यातून वर आली, चोचीवर मासा टोचलेला, आरपार. आता खायचा कसा? तिने तो मासा एका दगडावर आपटायला सुरुवात केली, धोबी कपडे आपटतो तसा, थप्प, थप्प, थांबायची, मान तिरकी करून बघायची, परत थप्प. मासा चोचीवरून निसटला तसा हवेत उडवला आणि डोक्याकडून झेलला, उलटा गिळला तर काटे घशात अडकतात. मग गिळताना ती बारीक मान अशी फुगली की मावशी म्हणाली आता हिला ठसका लागणार. नाही लागला. नंतर पंख पसरून वाळत बसली. तिचे पंख पाण्याने भिजतात, म्हणूनच बुडून पोहता येतं, पण मग वाळवत बसावं लागतं.

जांभळी पाणकोंबडी पण शोधा. इथली मूळची जात लहान, निळ्या-जांभळ्या अंगावर लाल-पिवळी चोच, कमळाच्या पानांवरून चालते. आणि हल्ली आपल्याकडची मोठी जांभळी पाणकोंबडीही इथे पसरलीय, पाळलेले पक्षी सुटले त्यातून. तिला बघून मला घरचं कोणीतरी भेटल्यासारखं होतं, इथल्या लोकांना मात्र ती उपरी वाटते, आणि खरं तर बरोबरच आहे त्यांचं.

दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरते. पक्षी ओळखून देणारं मर्लिन अ‍ॅप घरूनच फ्लोरिडाच्या पक्ष्यांसकट डाउनलोड करून ठेवा, रस्त्यात नेटवर्क जातं.

गुलाबी दिसला तो फ्लेमिंगो ना?

बहुतेक नाही, तो रोझिएट स्पूनबिल. चोच बघा, भाताच्या चमच्यासारखी चपटी. खरे फ्लेमिंगो एके काळी इथे होते, पिसांसाठी आणि खाण्यासाठी मारले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये इडालिया वादळाबरोबर बरेच येऊन पडले आणि सगळ्या फ्लोरिडात एकच गोंधळ उडाला.

पिसांचा तो धंदा भयंकर होता. बायकांच्या टोप्यांना लावायला बगळ्यांची विणीच्या काळातली पिसं लागायची, म्हणजे घरट्यावरच्या आईबापांना मारायचं आणि पिल्लं तशीच सोडायची. गाय ब्रॅडली नावाचा पक्ष्यांचा रखवालदार १९०५ साली या भागात गोळी घालून मारला गेला.

सगळी झाडं वाळलेली का आहेत?

वाळलेली नाहीत हो. सायप्रेस सुईसारख्या पानांचा असून हिवाळ्यात पानं टाकतो, म्हणून त्याला टकला सायप्रेसच म्हणतात. फेब्रुवारीच्या आसपास पोपटी पालवी फुटते. नावातलं बिग हे झाडांबद्दल नाही, पसाऱ्याबद्दल आहे. गवतात जी पुरुषभर उंचीची काटकुळी झाडं दिसतात तीही सायप्रेसच, आणि वयाने लहान नाहीत, त्यांत शंभरीपुढचीही आहेत, खाली खडक आणि माती जेमतेम, त्यामुळे वाढच नाही.

गिधाडं गाडी खातात हे खरं आहे?

खरं. अनहिंगा ट्रेलच्या पार्किंगमध्ये काळी गिधाडं काचेभोवतीचं रबर, वायपरचं रबर, सनरूफची पट्टी उपटतात. तिथे ताडपत्र्या आणि हुकाच्या दोऱ्या फुकट ठेवलेल्या असतात, लाजू नका, गुंडाळा. मी एकदा आळस केला, "दहा मिनिटांत येतोय" म्हणून. परत आलो तर एक गिधाड बॉनेटवर बसून वायपरचं रबर शेवयांसारखं ओढत होतं. भारतातली गिधाडं गुरांना देतात त्या डायक्लोफेनॅक औषधामुळे जवळजवळ संपली हे माहीत असल्यामुळे नवऱ्याला एवढी गिधाडं बघून इतका आनंद झाला की तो हाकलायच्या ऐवजी व्हिडिओ काढत बसला.

एअरबोट करावी का?

मुलं हट्ट करतात, करा हवी तर एकदा. माझं मत विचाराल तर वन्यजीव बघायला ती नाही. मागे विमानाचा पंखा, कानात बोळे, आणि समोरचा प्रत्येक पक्षी उडून चाललेला. आम्ही एकदा गेलो तिथे बोटवाला मगरीला जवळ बोलवायला काहीतरी टाकत होता, तेव्हापासून मी पाहुण्यांना त्याच पैशात शार्क व्हॅलीच्या ट्रामची तिकिटं काढून देते.

वाघ, बिबट्या काही?

फ्लोरिडा पँथर आहे, म्हणजे प्यूमाच, अंगावर ठिपके नाहीत. मोठे १२० ते २३० उरलेत असा अंदाज. आपसांत संकर होऊन पार खिळखिळे झाले होते, तेव्हा १९९५ मध्ये टेक्ससहून आठ माद्या आणून सोडल्या आणि मग जरा सावरले. दिसणार नाही, मला इतक्या वर्षांत दिसला नाही. पण त्यांना सगळ्यात जास्त मारतात त्या गाड्या, म्हणून पँथरच्या पाट्या दिसतील तिथे रात्री वेग कमी ठेवा. काळं अस्वल कधीमधी दिसतं, हरणं टर्नर रिव्हर रोडला सकाळी.

आणि ते अजगर?

बर्मीज पायथन, आपल्या अजगराचा सख्खा शेजारी. लोकांनी हौसेने पाळले, मोठे झाल्यावर सोडून दिले आणि ते माजले. ससे, रॅकून जवळजवळ दिसेनासे झालेत. दिवसा बोर्डवॉकवर तुम्हाला दिसायची शक्यता फार कमी. २०१७ मध्ये तमिळनाडूतल्या, साप पकडण्यात पटाईत अशा इरुळा जमातीच्या दोघांना खास इथे बोलावलं होतं, त्यांनी दोन आठवड्यांच्या आत १३ पकडले, नुसत्या लोखंडी सळया आणि डोळे घेऊन. ही गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला सांगते, प्रत्येक पाहुण्याची छाती फुगते.

कपडे, डास, किडे?

जानेवारीत दुपारी २५ डिग्रीच्या आसपास, सकाळी गार, एक पातळ जॅकेट. डासांचा स्प्रे हिवाळ्यातही पर्समध्ये ठेवाच. चप्पल घालून गवतात उतरू नका, लाल फायर अँट्सची वारुळं असतात, सासूबाई पैठणी-चप्पल अशा थाटात उतरल्या होत्या आणि मग तीन दिवस बर्फ लावत होत्या. बोर्डवॉकबाहेरच्या झाडांना हात लावू नका. इथे पॉयझनवूड म्हणून झाड आहे, बिब्ब्याच्याच कुळातलं, आणि बिब्बा उतणं काय असतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको.

खाणं, टॉयलेट, पैसे?

पेट्रोल मायामी किंवा नेपल्सला भरून घ्या. रस्त्यात हॉटेलं फार नाहीत, आम्ही पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी, दशम्या नेतो आणि एच. पी. विल्यम्सला टेबलावर खातो. डबा उघडा ठेवून फोटो काढायला जाऊ नका, कावळे इथलेही कावळेच आहेत. टॉयलेट सगळ्या थांब्यांवर आहेत. मासे खाणारे असाल तर पुढे एव्हरग्लेड्स सिटीला स्टोन क्रॅब मिळतो, सीझन १५ ऑक्टोबर ते १ मे. खेकड्याची नांगी काढून खेकडा परत पाण्यात सोडतात, नांगी पुन्हा उगवते.

बिग सायप्रेसला एंट्री फी नाही. एव्हरग्लेड्सला गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालतात. पण २०२६ पासून ११ मोठ्या पार्कांत परदेशी पाहुण्यांना १६ वर्षांपुढे माणशी १०० डॉलर जास्तीचे लावलेत आणि एव्हरग्लेड्स त्यात आहे, त्यामुळे व्हिजिटर व्हिसावर आलेले चौघे असतील तर आधी हिशेब करा आणि निघण्यापूर्वी पार्कच्या साइटवर चालू रेट बघा. मी तर आता भारतातून आलेल्यांना बिग सायप्रेसच दाखवते.

मुलांना कंटाळा आला तर?

ओचोपीला थांबवा. अमेरिकेतलं सगळ्यात लहान पोस्ट ऑफिस. आधी टोमॅटोच्या शेतातली पाइप ठेवायची खोली होती, १९५३ मध्ये मोठी इमारत जळली तेव्हा तात्पुरती म्हणून वापरायला घेतली ती घेतलीच. आपल्याकडच्या पानटपरीएवढं. आत उभं राहून हात पसरले तर भिंती लागतील. माझ्या आईने तिथून पुण्याला स्वतःच्याच पत्त्यावर कार्ड टाकलं, "आज ३१ मगरी मोजल्या." आई जानेवारीत परत गेली, कार्ड मार्चमध्ये पोचलं.